ऑपेरा हाऊसच्या बाल्कनीतून

गिरगावच्या कित्येक रहिवाशांना ऑपेरा हाऊस हे नाव बसथांब्यामुळे आणि हिऱ्यांच्या बाजारामुळे जितके परिचयाचे आहे, तितके ते नाट्यगृह आतून पाहिलेले नसते. मीही बाहेरूनच ती वास्तू पाहत आलो होतो. नाट्यसंगीताच्या मैफलीचे तिकीट हाती आल्यावर आत्याला बरोबर घेऊन निघालो. चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरले की चालत थोडक्यात पोहोचता येते. रविवार असल्याने पदपथावर कागदाच्या पुड्या उघडून हिरे पारखणारे दलाल नव्हते, त्यामुळे दर्शनी भागावरची कोरीव शिल्पे निवांतपणे पाहता आली.

नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कारका यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या बरोक शैलीच्या नाट्यगृहाचे उद्घाटन पंचम जॉर्ज यांनी 1911 मध्ये केले, तेव्हा बांधकाम पुरे व्हायचे होते. पुढे येथे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली, मग सिनेमाचा पडदा आला आणि 1993 मध्ये दारे बंद झाली. गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीच्या या वास्तूचा जीर्णोद्धार वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झाला आणि 2016 मध्ये ती पुन्हा खुली झाली. पुढच्याच वर्षी युनेस्कोने या कामाचा गौरव केला.

प्रवेशदालनातली ससून कुटुंबाकडून आलेली स्फटिकांची झुंबरे सगळेच पाहतात आणि त्यांच्याखाली फोटो काढणाऱ्यांची गर्दीही होते. मला मात्र बाल्कनीतून दिसणारे छत अधिक मोलाचे वाटले. त्याचा घुमट आठ पाकळ्यांत विभागलेला आहे आणि शेवटच्या गॅलरीत बसलेल्यालाही प्रत्येक शब्द ऐकू यावा, अशा बेताने ते बांधलेले आहे. ‘‘अरे, पिक्चर बघायला किती वेळा आले मी इथे, पण वर मान करून बघायचं कधी सुचलंच नाही,’’ असे आत्या म्हणाली. अंधार झाल्यावरच आत शिरणाऱ्या सिनेमाच्या प्रेक्षकाला ते सुचावे तरी कसे?

या छताची खरी परीक्षा मैफल सुरू होण्याआधीच झाली. पडदा उघडलेला होता आणि तबलजी हातोडीने तबल्याच्या लाकडी गट्ट्यांवर ठोके देत सूर जुळवत होते; तो हलका ठोका आणि पाठोपाठ शाईवर, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या भागावर, पडलेली थाप या दोन्हींतला फरक आम्हाला वर स्वच्छ कळत होता. नंतर नांदी सुरू झाली आणि ध्वनिवर्धकातून पायपेटीचा, म्हणजे पायाने भाता चालवायच्या ऑर्गनचा, आवाज इतका चढवला गेला की गायिकेच्या लहान हरकती त्यात बुडाल्या. जेमतेम पावणेसहाशे आसनांच्या नाट्यगृहात एवढ्या आवाजाची गरज काय, हा प्रश्न मला अजूनही पडतो. मध्यंतरानंतर बहुधा कोणीतरी सांगितले असावे, कारण आवाज उतरवला गेला; शेवटच्या भैरवीत तर गायिका माइकपासून हातभर मागे सरकून गायली, तेव्हा तानेतला एकेक दाणा वेगळा ऐकू आला आणि आमच्या मागच्या रांगेतल्या आजोबांनी मोकळेपणाने ‘वाहवा!’ केली. ध्वनिवर्धकाची सोय नसलेल्या काळात संगीत नाटके रात्र रात्र कशी रंगत असतील, याचा अंदाज मला त्या भैरवीत आला.

रंगमंचालगतचे बॉक्स, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांसाठीचे सज्जे, देखणे आहेत, पण तिथून रंगमंच तिरका दिसतो. त्यामुळे थाटापेक्षा गाण्याची ओढ असलेल्याने बाल्कनीतल्या मधल्या जागा धराव्यात. दादर, पार्ले आणि ठाण्याच्या नाट्यगृहांना सरावलेल्या आपल्या मंडळींनी इथे संगीत नाटकांचे प्रयोग लावले, तर आत्या आणि मी पुन्हा नक्की येऊ, फक्त पायपेटीचा आवाज बेताचा ठेवावा.