२.७५ चा पत्ता लागला

मंडळी, सापडला एकदाचा! मागच्या वेळी माझा चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर ११९ मायक्रोटेस्लावर (हे त्या क्षेत्राचं एकक) अडून बसला होता, म्हणजे खऱ्याच्या २.७५ पट, आणि मी वैतागून सगळं बंद केलं होतं. आता तोच सेन्सर ४३ दाखवतोय. नाशिकमध्ये पृथ्वीचं एकूण चुंबकीय क्षेत्र साधारण तेवढंच असायला हवं.

पहिला संशय अर्थातच दगडावर. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. आमच्या खालच्या पायरीवर मोबाइल ठेवला की कंपास सरळ वाकडा जातो. पण पायरीपासून लांब, गच्चीवर लाकडी स्टुलावर ठेवूनही आकडा तोच. म्हणून मग कॉइलची जोडी करायला घेतली, म्हणजे ना दगडाचा प्रश्न, ना गच्चीतल्या लोखंडी सळईचा.

हेल्महोल्ट्झ जोडी, म्हणजे त्रिज्येइतक्याच अंतरावर समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल: त्रिज्या १५ सेंटीमीटर, प्रत्येकी ५० वेढे, दोन्हींमधलं अंतरही १५. चोवीस गेजची इनॅमल तार रिवाइंडिंगवाल्या काकांकडून आणली. "ताई, पंख्याचं करायचंय का कूलरचं?" म्हणाले. कशाचंच नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, पण तार मात्र मापात दिली. प्लायवूडच्या रिंगा, पितळी स्क्रू. स्टेनलेसचे स्क्रू म्हणून मिळतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही, चुंबक जवळ नेला की बरेचसे हळूच सरकतात.

या मापाच्या जोडीत १०० मिलिअँपिअरला मधोमध ३० मायक्रोटेस्ला मिळतात. आता गंमत अशी की प्रवाह उलटा केला की क्षेत्रही उलटं होतं, म्हणजे दोन्ही वाचनांतला फरक ६० यायला हवा. पृथ्वीचं क्षेत्र, पायरीचा दगड, सेन्सरचा स्वतःचा ऑफसेट (शून्यातलीच कायमची चूक), हे सगळं वजाबाकीत उडून जातं. ज्यांनी अजून हे केलं नसेल त्यांनी कराच, ऑफसेटवरचे निम्मे वाद इथेच मिटतात. फरक आला १६५. पुन्हा तेच, २.७५ पट.

म्हणजे भानगड गुणकाचीच होती. मग सगळ्या एककांना एकेक करून उभं केलं. गॉस या जुन्या एककावरून टेस्लावर जाताना दहा हजारने भागायचं, तिथे नुसता दशांशचिन्हाचा प्रवास. गॅमा हे जुनं एकक म्हणजे नॅनोटेस्लाच, तिथेही तेच. ओर्स्टेडवरून अँपिअर प्रति मीटरवर (दोन्ही क्षेत्राच्या तीव्रतेची, म्हणजे एचची, एककं) गेलं की ७९.५८ ने गुणायचं. म्यू-नॉट या निर्वाताच्या चुंबकीय स्थिरांकातून १.२५७ डोकावतो, ४π विसरलं तर १२.५७. यातला एकही २.७५ च्या आसपास नाही, भागाकार-गुणाकार करूनही नाही. एका रात्री मी २.७१८ कडेही (गणितातला e) आशेने पाहिलं, यावरून काय अवस्था झाली असेल ते ओळखा.

शेवटी मायक्रोटेस्ला बाजूला ठेवून रॉ काउंट, म्हणजे चिपकडून येणारे कच्चे आकडे, छापले. प्रवाह उलटवल्यावर फरक १८०० च्या जवळ. ६० मायक्रोटेस्ला म्हणजे ०.६ गॉस, म्हणजे गॉसला ३००० काउंट. आणि हा आकडा पाहताक्षणी ट्यूब पेटली! निळ्या मॉड्यूलवर हनीवेलची सेन्सर चिप एचएमसी५८८३एल म्हणून छापलंय, पण आत बसलाय क्यूएमसी५८८३एल. त्याचा ±८ गॉस रेंजमधला स्केल बरोबर गॉसला ३००० काउंट. एचएमसीचा डिफॉल्ट १०९०. ३००० भागिले १०९० करून बघा. कुणा सज्जनाने कोडच्या तयार लायब्ररीत चिपचा पत्ता हेक्समधल्या १ई वरून ०डी केला, चिप बोलायला लागली म्हणून खूश झाला आणि १०९० तसाच सोडून दिला. विक्रेत्याबद्दल काय बोलावं! क्यूएमसी वाईट चिप नाही, क्यूएमसी म्हणून विका की.

आता कोडमध्ये आत फक्त नॅनोटेस्ला, तेही पूर्णांकात. बाकी जे हवं ते छापताना. नॅनोटेस्लाच का, तर अलिबागचे आकडे त्यातच येतात. विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून तिकडे नेलेली आपली चुंबकीय वेधशाळा. तिचं क्षितिजसमांतर क्षेत्र ३८ हजारांच्या घरात आहे, ताडून बघायला हाताशी. जुन्या पुस्तकांत हेच ०.३८ गॉस म्हणून भेटतं आणि वर मथळा एच, म्हणजे क्षेत्राची तीव्रता; टेस्ला-गॉसमध्ये मोजतात ते बी. घाबरू नका, १९३० मध्ये एचसाठी ओर्स्टेड वेगळा ठरायच्या आधी बी आणि एच दोन्हींना गॉसच म्हणायची पद्धत होती. हवेत आकडा तोच राहतो. एसआयमध्ये मात्र तसं नाही: ३० मायक्रोटेस्ला म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर प्रति मीटर.

याचंच पुढचं दुखणं फ्लक्सगेटच्या, म्हणजे चुंबकीय गाभ्यावर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरच्या, गाभ्याचं. पर्मलॉयची (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची) पट्टी विकणाऱ्याने कागदावर कोअर्सिव्हिटी, म्हणजे तिचं चुंबकत्व घालवायला लागणारं उलटं क्षेत्र, लिहिलीय "४". नुसते चार! अँपिअर प्रति मीटर असेल तर पट्टी उत्तम, ०.०५ ओर्स्टेड झाले. ओर्स्टेड असेल तर ३१८ अँपिअर प्रति मीटर. पाच सेंटीमीटरवर १०० वेढे घातले तर पहिल्यात २ मिलिअँपिअरला काम होतं, दुसऱ्यात १६०, आणि तेही अजून संपृक्ततेच्या, म्हणजे गाभा पुरता चुंबकित होण्याच्या, बरंच अलीकडे. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "मॅडम, क्वालिटी एक नंबर" एवढंच उत्तर.

म्हणून मुळात पट्टी मागवून सोलेनॉइडमध्ये स्वतःच मोजायची, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. जुन्या ऑसिलोस्कोपच्या पिक्चर ट्यूबभोवती म्यूमेटल या तशाच मऊ चुंबकीय मिश्रधातूचं आवरण असतं. भंगारात मिळेलही, पण कापलं-वाकवलं की त्याची पर्मिअॅबिलिटी (सहज चुंबकित होण्याची क्षमता) पडते, मग पुन्हा हायड्रोजनच्या भट्टीत तापवायचं. ते घरी शक्य नाही. त्यापेक्षा मॉलमधले चोरी पकडणारे पांढरे जाड टॅग! त्यातले अकूस्टो-मॅग्नेटिक प्रकारचे ब्लेडने उघडले की आत अॅमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) धातूची पातळ, चकचकीत पट्टी निघते, आयतीच कापलेली. सोबत एक दुसरी, स्वतःच चुंबक झालेली पट्टी असते, ती बाजूला काढायची. टॅग काउंटरवर निष्क्रिय केलेला नसेल तर टाचणी जवळ नेली की कोणती कोणती ते कळतं: टाचणी ओढते ती नको.

त्यामुळे पर्मलॉयची ऑर्डर सध्या थांबवली आहे. कुणाकडे असे वापरलेले टॅग पडून असतील तर सांगा, कॉलेज रोडच्या बाजूला असाल तर मी येऊन घेऊन जाईन.