कळलावीचा वळलेला दांडा

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असे पत्र आले तेव्हा काय लिहावे आणि काय वगळावे असा प्रश्न पडला होता. प्रत्यक्ष लिहायला बसलो आणि चित्रकलेच्या सरांपलीकडे लेखणी सरकेना.

एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीसाठी सरांनी एकेक फूल आणायला सांगितले होते. श्रावण चालू होता. मैदानामागच्या कुंपणावर चढलेली कळलावी मी तोडून आणली. ती कंदापासून बियांपर्यंत विषारी, म्हणून सरांनी आधी मला हात धुवायला नळावर पिटाळले. मागे उलटलेल्या सहा नागमोडी पाकळ्या, सहा पुंकेसर, पानांच्या टोकांचेच झालेले ताणे, हे सारे मी जमेल तसे उतरवले. मधल्या स्त्रीकेसराचा दांडा मात्र बुडापासूनच काटकोनात एका बाजूला वळलेला होता. तोडताना तो मुरगळला असावा असे समजून मी चित्रात तो सरळ उभा केला. सर रागावले नाहीत. "कुंपणावर जा, आणखी दहा फुलं बघून ये. तोडायचं एकही नाही," एवढेच म्हणाले. दहाही दांडे तसेच वळलेले होते! दांड्याचे पराग झेलणारे टोक, म्हणजे कुक्षी, अशी बाजूला राहिली की त्याच फुलाचे पराग तिच्यावर सहजी पडत नाहीत, हे विज्ञानाच्या तासाआधी मला चित्रकलेच्या तासाला कळले.

कर्कटकाने पाकळी मोजून त्याच मापाने कागदावर घ्यायची, पेटीतला पांढरा रंग बाजूला ठेवून चकाकीच्या जागी कागद कोरा सोडायचा, लालाच्या सावलीत काळा न घालता किंचित हिरवा मिसळायचा, हे सरांचे शिस्तीचे नियम. कळलावी उमलताना हिरवट पिवळी असते आणि दिवसागणिक लाल होत जाते, त्यामुळे पहिल्याच दिवशी समासात रंगांचे ठिपके देऊन ठेवायला त्यांनी शिकवले. पिवळा ओला असतानाच टोकाकडून लाल सोडायचा, म्हणजे मधली नारिंगी छटा आपोआप साधते. ती मला आजही दहात चारदा फसते.

पुढे वनस्पतिचित्रे काढणे हाच माझा व्यवसाय झाला. एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहातली, आपल्या पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात काढलेली जलरंगचित्रे पाहताना सरांची फार आठवण झाली. त्या बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी ती एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून करवून घेतली होती. गिब्सन यांचे नाव राहिले, चित्रकाराचे नाव मात्र चित्रांबरोबर आले नाही. आमच्या सरांनीही आपल्या एकाही चित्रावर कधी सही केली नाही.

गेल्या पावसाळ्यात शाळेत येऊन गेलो. कुंपणाच्या जागी आता सिमेंटची भिंत आहे. सुरक्षेसाठी ती हवी हे पटते, तरी वेल शोधत मी भिंतीच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेलोच. आठवीतले ते चित्र अजून माझ्याकडे आहे. सरळ दांडा ब्लेडने खरवडून काढल्याची जागा कागदावर स्पष्ट दिसते, आणि खाली कोपऱ्यात सरांच्या बारीक अक्षरात दहापैकी सहा गुण आहेत.