प्रायमरची निवड आणि दहा फैरींचा पुरावा

पीथमपूरच्या एका कारखान्यात माझी तीस वर्षे गुणवत्ता तपासणीत गेली आणि त्याच काळात इंदूरमध्ये .२२ रायफलच्या नेमबाजीचा नादही लागला. गेल्या हिवाळ्यात टेक्सासमध्ये भाच्याकडे दोन महिने राहिलो, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर भेटल्या. भाचा .३०८ रायफलची काडतुसे स्वतः भरतो. तिथे तो कायदेशीर आणि सर्वसाधारण छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, त्यामुळे प्रायमर, म्हणजे काडतुसातली दारू पेटवणारा बुडातला छोटा भाग, हीसुद्धा परवान्याच्या कक्षेतील वस्तू आहे. हे आधीच स्पष्ट केलेले बरे, म्हणजे पुढचे वाचून कोणी इथे तसा प्रयोग करायला जाणार नाही.

ठासणीच्या बंदुकीवर टोपी चढवत असत, हे आपल्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. त्या टोपीचे मूळ अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या शिकारीत आहे. चकमकीच्या बंदुकीत आधी कानातली, म्हणजे नळीबाहेरच्या छोट्या वाटीतली, दारू भडकते आणि मग गोळी सुटते. तेवढ्या वेळात पक्षी उडून जात. आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट त्यांनी १८०७ मध्ये घेतले. आजचा प्रायमर त्याच टोपीचा वंशज असून तो काडतुसाच्या बुडातील खोबणीत बसतो. पातळ धातूची वाटी, तिच्यात आघाताने पेटणारे मिश्रण आणि त्यावर एक चिमुकली ऐरण, एवढीच त्याची रचना असते. फायरिंग पिन वाटीला दाबते, मिश्रण ऐरणीवर चिरडले जाते आणि ज्वाला मधल्या भोकातून दारूपर्यंत पोहोचते. ही बॉक्सर पद्धत झाली. बर्डन पद्धतीत ऐरण केसच्याच, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्याच, बुडात घडवलेली असते आणि भोके सहसा दोन असतात. या पद्धती ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात त्यांपैकी बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकी, तरीही अमेरिकेत रुजली ती बॉक्सर पद्धत, कारण मधल्या एकाच भोकातून सुई घालून वापरलेला प्रायमर सहज काढता येतो आणि केस पुन्हा भरता येते.

रायफलचे प्रायमर दोन मापांचे असतात, ०.२१० इंच व्यासाचे मोठे आणि ०.१७५ इंचांचे लहान. कोणते घ्यायचे हे केसची खोबण ठरवते, त्यात निवडीला जागा नाही. पिस्तुलाचा प्रायमर रायफलमध्ये कधीही वापरू नये. त्याची वाटी पातळ असते आणि रायफलचा दाब तिला झेपेलच असे नाही. मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार ज्वालेचे, प्रायमर मोठ्या केससाठी, सावकाश जळणाऱ्या दारूसाठी आणि कडाक्याच्या थंडीसाठी ठीक असतात. .३०८ सारख्या काडतुसात मला त्यांची गरज दिसली नाही.

खरा प्रश्न राहतो तो साधा आणि मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीचा, यांच्यातला. फेडरल कंपनीचा २१०एम किंवा सीसीआय कंपनीचा बीआर-२ हे मॅच दर्जाचे प्रायमर अधिक काटेकोर तपासणीतून जातात आणि त्यांची किंमतही जास्त असते. भाच्याने एक साधा आणि एक मॅच प्रायमर घेऊन प्रत्येकी दहा फैरी झाडल्या होत्या. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेगाचे प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरतो त्याचा आकडा) साध्याचे १४ आणि मॅचचे ११ फूट प्रति सेकंद आले होते. "मामा, निकाल लागला," असे तो म्हणाला. मी त्याला कागद आणायला सांगितले.

दहाच फैरींवरून काढलेले प्रमाण विचलन फार सैल असते. पंचाण्णव टक्के खात्रीने बोलायचे तर खरा आकडा मोजलेल्या आकड्याच्या सुमारे ०.६९ पट ते १.८३ पट यांच्यात कुठेही असू शकतो. म्हणजे ११ च्या मागे ७.६ असेल किंवा २० असेल, आणि १४ च्या मागे ९.७ असेल किंवा साडेपंचवीस असेल. हे दोन पट्टे एकमेकांवर इतके चढलेले आहेत की त्यांतून कोणताही निष्कर्ष निघत नाही. कारखान्यात दहा नग मोजून मी कधी कोणाचा माल नाकारला नाही आणि स्वीकारलाही नाही. तीस फैरी घेतल्या की हा पट्टा ०.८० ते १.३४ इतका आवळतो. म्हणून आम्ही प्रत्येकी तीस फैरी घेतल्या, त्याही आलटून पालटून, एक या प्रायमरची आणि एक त्या प्रायमरची, म्हणजे नळीची उष्णता, वारा आणि नेमबाजाचा थकवा दोघांच्याही वाट्याला सारखाच आला. विचलन ११.८ आणि १२.३ आले, म्हणजे फरक जवळपास उरलाच नाही. सरासरी वेगात मात्र १४ फुटांचा फरक होता, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रायमर बदलला की दाबही बदलतो. म्हणून प्रायमर बदलणाऱ्याने दारूचे वजन कमी करून पुन्हा खालून चढत जावे, असे भाच्याच्या भरणीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले आहे आणि तो ते कसोशीने पाळतो.

आम्हाला जे सापडले ते भलतीकडेच होते. प्रायमर खोबणीत किती खोल बसला आहे, हे मी प्रत्येक केसवर डेप्थ मायक्रोमीटरने मोजले होते. साधारणतः तो बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ खाली असावा लागतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमधला आमचा रोजचा शब्द. साठांपैकी दोन केस जेमतेम एक थाऊवर होत्या. खोबणीत जुनी काजळी राहिली होती आणि ऐरणीचे पाय तळाला नीट टेकले नव्हते. पिनेचा काही जोर प्रायमरला आत ढकलण्यातच गेला असावा. दोन्ही प्रकारांतल्या सर्वांत मंद फैरी नेमक्या याच दोन केसमधल्या निघाल्या. प्रायमर वजनकाट्यावर तोलून निवडणारे लोकही आहेत, पण त्या वजनात वाटीचा धातूच अधिक असतो आणि मिश्रणाचा फरक त्यात बुडून जातो. तो वेळ खोबणी साफ करण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भाच्याने शेवटी साधा प्रायमर ठेवला, कारण त्याच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, पाच हजार नग त्याला एकाच वेळी मिळत होते.

इंदूरला परतल्यावर माझ्या .२२ कडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. तिच्या रिमफायर काडतुसात प्रायमर वेगळा नसतोच. मिश्रण केसच्या काठात, कारखान्यातच भरलेले असते. नेमबाजाच्या हाती फक्त लॉट निवडणे उरते. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर धरला, तर ५० मीटर जाईपर्यंत ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेग एक टक्का कमी झाला की ती आणखी साधारण २.४ मिलिमीटर खाली जाते. ५० मीटरच्या टार्गेटवर गुणाच्या एका दशांशाची पायरी ०.८ मिलिमीटरची असते, म्हणजे या एका टक्क्यात तीन दशांश जातात. दशांशाने ठरणाऱ्या स्पर्धेत तीन दशांश म्हणजे क्रमांक बदलतो.

सध्या माझ्याकडे एकाच ब्रँडचे दोन लॉट आहेत. रायफल टेकूवर ठेवून दोन रविवारी सकाळी, वारा उठण्याआधी, आलटून पालटून प्रत्येकी चाळीस फैरी झाडल्या. आडवा पसारा दोघांचा सारखाच आहे, उभा पसारा दुसऱ्या लॉटचा कमी आहे. तो दुसरा लॉट मी दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगितला आहे.