डिझेल इंजिन चालतं ठेवलं तरच टिकतं

इंग्लंडमधल्या जुन्या रेल्वे म्हटलं की वाफेची इंजिनं डोळ्यांपुढे येतात. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ ही 16 मैलांची सेव्हर्न व्हॅली रेल्वेही त्यांच्यासाठीच प्रसिद्ध आहे. मी मात्र तिथे डिझेलसाठी जातो. कोकणकन्येच्या पुढचं डिझेल दादरच्या फलाटावरून पाहत मोठा झालेला माणूस दुसरं काय करणार? नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीची पायरी, वाढवला की निघणारा तो काळा धूर, पायाखालचा फलाट हलवणारी ती धडधड, हे ज्याच्या अंगात भिनलंय, त्याला किडरमिन्स्टरच्या शेडमध्ये परकं वाटत नाही.

इथे डिझेलला मान मिळायला बराच काळ गेला. ब्रिटिश रेल्वेवरची वाफेची नियमित वाहतूक ऑगस्ट 1968 मध्ये संपली. जुने मार्ग वाचवायला पुढे आलेल्या बहुतेकांच्या मनात डिझेलबद्दल रागच होता, कारण त्यांची लाडकी इंजिनं त्यानेच भंगारात घालवली होती. गंमत अशी की लीड्सच्या मिडलटन रेल्वेवर 1960 मध्ये स्वयंसेवकांनी पहिली प्रवासी गाडी चालवली, तेव्हा ती ओढायला हन्सलेट कारखान्यातलं छोटं डिझेलच होतं!

मग पुढची पिढी आली. तिने लहानपणी डिझेलच पाहिलं होतं. ‘वेस्टर्न’ या वर्गाची 74 डिझेल इंजिनं 1961 ते 1964 दरम्यान बांधली गेली आणि 1977 पर्यंत सगळी सेवेबाहेरही गेली. त्यांतली 7 वाचली, तीही सामान्य लोकांनी पदरचे पैसे घालून वाचवली. ‘डेल्टिक’ हा डिझेलचाच दुसरा वर्ग, त्याची 22 इंजिनं होती, त्यांतली 6 उरली. हे आकडे मला फार बोचतात, कारण इंजिनं वाचवायचा निर्णय घ्यायला मिळालेला वेळ किती थोडा होता ते त्यांतून कळतं.

किडरमिन्स्टरला 2016 पासून डिझेलसाठी वेगळी शेड आहे. डी1062, म्हणजे ‘वेस्टर्न कुरियर’, याच रेल्वेवर असतं. त्याच्या पोटात दोन मायबाख इंजिनं आहेत, प्रत्येकी 1350 अश्वशक्तीची. बरेच दिवस उभं राहिलेलं मोठं डिझेल बटण दाबून लगेच सुरू करत नाहीत. गारठा असेल तर आधी कूलिंगचं पाणी गरम करतात. तेलाची, पाण्याची पातळी बघतात. मग सिलिंडरचे कॉक, म्हणजे छोट्या तोट्या, उघडून क्रँकशाफ्ट हा इंजिनचा मुख्य दांडा हाताने सावकाश फिरवतात. यालाच बारिंग म्हणतात. कुठे गळती होऊन सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल, तर ते कॉकमधून बाहेर येतं. हे न बघता इंजिन सुरू केलं, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे इंजिनच गेलं.

हे मी मुलुंडच्या काकांना फोनवर सांगत होतो. काका कल्याण डिझेल शेडमध्ये फिटर होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, “अरे, बारिंग केल्याशिवाय हात लावायचाच नाही! आणि सुरू झाल्यावर धूर बघ. काळा असेल तर हवा कमी पडतेय, निळसर असेल तर तेल जळतंय.” इथल्या फिटरला मी ते इंग्रजीत सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “तुझ्या काकांना इकडे पाठव.” एवढ्या लांबून, इंजिन न बघता, काकांनी त्याच्या मनातलंच सांगितलं होतं.

हे ज्ञान पुस्तकात पूर्ण उतरत नाही. सील सुकतात, बॅटऱ्या मरतात, पाइप आतून गंजतात. वरून कितीही छान रंग दिला तरी चौथऱ्यावर उभं केलेलं इंजिन काही वर्षांत नुसता पत्रा होतं. त्याबरोबर ते दुरुस्त करणारे हातही जातात. इथले स्वयंसेवक म्हणूनच डिझेल चालवतात. कोरड्या उन्हाळ्यात ठिणग्यांनी रुळांकडेचं गवत पेटायची भीती असते. तेव्हा वाफेच्या इंजिनांना विश्रांती देऊन गाड्या हीच डिझेलं ओढतात.

आपल्याकडे कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण अल्को या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीची डिझेल इंजिनं झपाट्याने भंगारात चालली आहेत, आणि ब्रिटनमध्ये 1977 साली जी वेळ होती, ती आपल्यावर आत्ता आहे. अमेरिकेतून 1962 मध्ये आलेल्या डब्ल्यूडीएम-2 या अल्को डिझेलांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे, ते छानच. वाफेची इंजिनं चालती ठेवायला आपण हरियाणातली रेवाडीची शेड सांभाळली. तसंच एखादं डिझेल कल्याणला चालतं ठेवावं, सुट्टीच्या दिवशी पनवेल ते रोहा चार डबे ओढू द्यावेत, तरुण मुलांना बारिंग शिकवावं. काका म्हणतात, शिकवायला ते आणि त्यांचे शेडमधले जुने सोबती आनंदाने येतील. त्यांतले बरेच जण आता सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्यापैकी ज्यांची मध्य रेल्वेत ओळख आहे, त्यांनी हा विषय तिथे जरूर काढावा.