नाशकातली छोटी खाण्याची ठिकाणं : वही आता वेळेनुसार

मंडळी, या खेपेला नव्या ठिकाणांची भर कमी आणि जुन्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणं जास्त झालंय. आतापर्यंत या ठिकाणांची माझी वही भागांनुसार होती : पंचवटी, मेन रोड, सातपूर, सिडको, नाशिकरोड. ती सगळी मोडून मी वेळेनुसार लावायला घेतली. जिथं एकच माणूस किंवा एकच घर रांधतं, तिथं प्रत्येक पदार्थाची एक ठरलेली वेळ असते. ती गाठली की तोच पदार्थ वेगळा लागतो. म्हणून आता प्रत्येक नोंदीत पत्त्याच्या आधी वेळ लिहितो.

सकाळचं पान अर्थातच मिसळीचं. रविवारी सकाळी अर्धं नाशिक मिसळीला बाहेर पडतं. पंचवटीतली अंबिका, सातपूरची श्यामसुंदर, बारदान फाट्याकडची साधनाची चुलीवरची मिसळ, ही नावं बाहेरगावच्या पाहुण्यांनाही पाठ असतात. मी मात्र सध्या जुन्या नाशकातल्या एका चार बाकांच्या जागेचा पिच्छा पुरवतोय. नाव देत नाही, कारण ती चालवणाऱ्या काकांनीच तसं सांगितलंय. त्यांचं एकच पातेलं असतं आणि ते संपलं की दुकान बंद. गर्दी वाढली तर दुसरं पातेलं चढवावं लागेल, ते त्यांना नकोय.

त्यांच्या काळ्या रश्श्याचं सगळं काम उन्हाळ्यातच होऊन जातं. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला होतो. सुकं खोबरं थेट जाळावर धरून काळपट होईपर्यंत भाजायचं. धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री हे सगळं मात्र एकेक करून, थेंबभर तेलावर. सगळं एकदम कढईत टाकलं तर तीळ जळतात आणि धणे कच्चे राहतात. मग कांडपावर. कांदा रोजच्या वाटणात जातो, तोही जाळावर भाजलेला. मिरची बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, पण दोन्ही बेतानं. त्यामुळे रश्श्याचा रंग मिरचीचा नाही, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मसाल्याचा आहे. जिभेवर आधी दगडफुलाचा मातकट वास येतो, तिखट नंतर घशाशी कळतं. ज्यांना लालभडक तर्रीची सवय आहे त्यांना पहिला घोट सौम्य वाटतो. त्यांनी चार घास थांबावं.

आता वेळेचं. दुकान सातला उघडतं तेव्हा रस्सा नुकताच उतरलेला असतो, वाटण आणि पाणी अजून एकजीव झालेलं नसतं. नऊच्या सुमाराला पातेलं तिसरा हिस्सा उतरतं, गॅस बारीक असतो आणि रस्सा कडेकडेनं रटरटत असतो. तर्री गडद तपकिरी होऊन वर स्वच्छ तरंगते. हीच वेळ. अकरानंतर गरम पाण्याची भर पडते, मीठ पुन्हा लावलं जातं, मग चव चांगली असली तरी ती खोली राहत नाही. आणि शक्यतो आडवारी जा. रविवारी पातेलं इतक्या भरभर रिकामं होतं की रश्श्याला मुरायला सवडच मिळत नाही.

मी रस्सा आधी नुसताच वाटीतून पितो, शेव, लिंबू काही न घालता. पीठ लावून दाट केलेला रस्सा गार होताना चमच्यावर साय धरतो. मसाल्यानं दाट झालेला धरत नाही, तळाशी बारीक रवा बसतो. मग मटकी : मोड शाबूत हवा आणि दाण्याला चावा हवा. त्यानंतर फरसाण आणि कांदा. पापड मी मोडून उसळीवर टाकतो, कितीही जणांनी नाकं मुरडली तरी. दही शेवटी.

चुलीबद्दल एक मत मांडतो, वाद घालायला मोकळीक आहे. रस्सा झाकल्या पातेल्यात उकळतो, त्याला धूर फारसा लागत नाही. तिथं चव ठरते ती मसाल्यावर आणि मंद आचेवर. चुलीचा खरा लाभ भाकरीला होतो, कारण ती शेवटी निखाऱ्यावर उभी करून फुगवतात. त्यामुळे ‘चुलीवरची’ अशी पाटी दिसली की मी आधी भाकरी आणि ठेचा मागवतो. ती जमली असेल तर बाकीचं मागवतो.

दुपारचं पान जवळजवळ कोरं आहे. मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा खाल्ला, समोर कढईतून निघालेला. दुपारी अजून काय नोंदवावं ते सुचलेलं नाही.

संध्याकाळी पाच. हा पाववड्याचा पहिला घाणा. सिडकोतल्या एका गाडीवर एक ताई आणि त्यांचा मुलगा उभे असतात. पावाला चीर देऊन बटाट्याची भाजी भरायची, अख्खा पाव बेसनात बुडवायचा आणि तळायचा. ताजा लुसलुशीत पाव तेल पितो आणि मध्येच फुटतो, म्हणून त्या आदल्या दिवशीचा पाव घेतात. पीठ इतकं दाट की पाव उचलल्यावर धार न पडता जाड थेंब पडतात. तेलाकडे मी नेहमी बघतो. तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांची (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढतात ते) मर्यादा २५ टक्के आहे, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला, पण गाडीवर मोजायचं यंत्र कोण ठेवणार? डोळ्यांना कळतं ते एवढंच : फेस येऊन तो लवकर विरत नसेल, तेल काळवंडून चिकट झालं असेल, तर निघून यावं. या ताई उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या कढईत घालत नाहीत. हे मी विचारून नव्हे, रात्री गाडी आवरताना थांबून पाहिलंय.

आता या हंगामातली सगळ्यात आवडती नोंद : मांडे, म्हणजे खापरावरच्या पातळ पुरणपोळ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे खानदेशातली कितीतरी घरं सिडकोत आली आणि त्यांच्याबरोबर खापरही आलं. एक मावशी घरातून ऑर्डरी घेतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून मी ती गर्दी ओसरल्यावर गेलो. त्यांनी बसू दिलं आणि करतानाच सगळं सांगितलं.

गव्हाचं पीठ वस्त्रगाळ. कणीक इतकी सैल की हातातून ओघळावी, आणि तिला परातीत आपटून आपटून ताण आणायचा. पुरण हरभरा डाळीचं आणि गुळाचं, गंधासारखं बारीक वाटलेलं, एखादी कणी राहिली तरी तिथंच भोक पडतं. पोळी आधी थोडी हातावर वाढवली, मग मावशींनी ती दोन्ही हातांच्या पंजांवरून कोपरापर्यंत अशी फिरवत नेली की बघता बघता तिच्यातून पलीकडची खिडकी दिसायला लागली. “घाबरून हात आखडला की फाटते,” त्या म्हणाल्या. मग ती पालथ्या खापरावर टाकली. खापर मातीचं, खालून जाळ, वरून पोळी क्षणात फुगून पापुद्रा धरते. तिला घडी घालतात ती गरम असतानाच, गार झाल्यावर ती मोडते.

मांडा मी तिथंच दूध-तूप घालून खाल्ला. घरी नेलेला दुसरा आमरसाबरोबर. दोन्ही उत्तम, पण खापरावरून उतरल्यानंतरची पहिली दहा मिनिटं, कडा कुरकुरीत आणि मध्ये पुरण ओलसर असताना, ती वेगळीच. वहीत लिहिलंय : आदल्या दिवशी सांगणे, सकाळी अकरा, तिथंच बसून.

याच कारणासाठी मी अ‍ॅपवरून मिसळ आणि मांडे दोन्ही मागवत नाही. डब्यात कोंडलेली वाफ पापुद्रा आणि शेव दोन्ही मऊ करते. पार्सल न्यायचंच असेल तर स्वतःचा स्टीलचा डबा न्या. काका रस्सा वेगळा आणि फरसाण कोरडं देतात, आणि डबा बघून चमचाभर तर्री जास्त घालतात.

ऋतूचं पान छोटंसं आहे. पावसाच्या सुरुवातीला त्र्यंबक रोडच्या एका खानावळीत शेवळ्यांची रानभाजी मिळाली. शेवळं खाजरी असतात, म्हणून त्यांच्यात काकड या रानफळांचा आंबट रस पडतो, सोबत नागलीची (नाचणीची) भाकरी. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्यामुळे ते उकळत्या पाण्यात उकडूनच मळायचं. ही भाजी मोजके दिवसच येते. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात तिकडून जाणार असाल तर दुपारी बाराच्या आत पोहोचा.

पुढचं काम दोन भागांत आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी रामकुंड ते दहीपूल या पट्ट्यातल्या एक-दोन माणसांच्या जागा वेळेसकट नोंदवून घ्यायच्या आहेत, कारण गर्दीच्या काळात त्यांचं पातेलंही बदलेल आणि वेळही. दुसरं म्हणजे दुपारचं कोरं पान. पेठ किंवा सुरगाण्याच्या वाटेवर नागलीची भाकरी आणि डाळ रोज करणारं घरगुती ठिकाण हवंय, एखाद्या दिवसापुरतं नव्हे. कुणाला ठाऊक असेल तर कळवा, आणि भाकऱ्या थापायला कधी बसतात तेही लिहा.