मोस्तारच्या टेकडीवरची नावे

युगोस्लाव्हियातील साम्यवादी काळातल्या स्मारकांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. ओसाड डोंगरावरचे काँक्रीटचे अजस्र शिल्प आणि खाली ‘जणू परग्रहावरचे’ एवढाच मजकूर! ते कोणाच्या स्मरणार्थ उभारले, हे क्वचितच कोणी सांगते आणि मला ते फार खटकते, कारण या स्मारकांचा जीव त्या माणसांत आहे.

आजच्या बोस्निया-हर्झेगोव्हिना देशातील मोस्तार शहराच्या उतारावर वास्तुकार बोगदान बोगदानोविच यांनी रचलेली पार्टिझन, म्हणजे साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या प्रतिकार योद्ध्यांची दफनभूमी पाहिली की हे पटते. दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांशी लढताना पडलेल्या मोस्तारकरांसाठी ती उभारली गेली आणि १९६५ साली युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टिटो यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बोगदानोविच स्वतः पार्टिझन म्हणून लढले होते आणि गंभीर जखमीही झाले होते. तरीही त्यांनी येथे बंदूक उगारलेला वीर उभा केला नाही. जिवंतांच्या शहरासमोर मृतांचे छोटे शहर वसवावे, अशी त्यांची कल्पना होती. म्हणून काँक्रीटचा डौल मिरवण्याऐवजी त्यांनी दगड निवडला आणि पायऱ्या, वळणवाटा, दगडी भिंती यांतून एकावर एक सज्जे चढवत नेले. वरच्या कारंज्याचे पाणी या सज्ज्यांतून खाली वाहावे, अशीही योजना होती.

या सज्ज्यांवर तोडलेल्या झाडाच्या बुंध्यासारख्या आकाराच्या, ओबडधोबड कडांच्या सुमारे ७०० शिळा आडव्या बसवलेल्या होत्या. प्रत्येकीवर एका योद्ध्याचे नाव कोरलेले. क्रूस नाही, चंद्रकोर नाही. क्रोएट, सर्ब, मुस्लिम, ज्यू अशी सगळी नावे शेजारी शेजारी. अवघ्या विशीत गेलेल्या मुलांसाठी छाटलेल्या झाडाहून नेमके रूप मला तरी सुचत नाही.

बोगदानोविच पुढे १९८२ ते १९८६ या काळात बेलग्रेडचे महापौर होते. सर्बियाचे नेते मिलोशेविच यांच्या राष्ट्रवादाला त्यांनी उघड विरोध केला, त्याची किंमत म्हणून १९९३ साली देश सोडला आणि २०१० साली व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. अशाच राष्ट्रवादाच्या आगीत १९९०च्या दशकातील बोस्नियाच्या युद्धात मोस्तारच्या दफनभूमीचीही मोठी हानी झाली. २००६ साली तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, पण जून २०२२ मध्ये अज्ञात हल्लेखोरांनी जवळजवळ सर्व नामशिळा फोडून टाकल्या.

हे कृत्य साम्यवादावरचा राग म्हणून समजावून सांगणे मला मान्य नाही. पक्षाची सत्ता जाऊन तेव्हा तीन दशके उलटली होती आणि फोडण्यासाठी निवडल्या गेल्या त्या नेमक्या नावांच्या शिळा, जिथे वेगवेगळ्या धर्मांची माणसे एका मातीत शेजारी मानली गेली होती. म्हणून जीर्णोद्धाराच्या कामात भिंती आणि कारंज्याच्या आधी या शिळा नव्याने घडवून प्रत्येक नाव पूर्वीच्याच जागी बसवले जावे, असे मला मनापासून वाटते.