प्लग लावण्याआधी : एका रेव्हॉक्स ए-७७ची दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांच्या वडिलांचा पुण्यात छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ होता, आणि तिथला रेव्हॉक्स ए-७७ हा स्पूल टेपरेकॉर्डर पंचवीसएक वर्षे माळ्यावर पडून होता. १९७०च्या दशकात वडिलांनी मुद्रित केलेल्या कीर्तनांच्या फिती त्यांना याच यंत्रावर ऐकायच्या होत्या. मी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, की "सर, तुम्ही सुरू करून पाहिला नाहीत ना?" ते म्हणाले, "नाही, धीर झाला नाही." त्यांच्या त्या न झालेल्या धीराने यंत्राचे मोठे नुकसान टळले, असे मी आजही मानतो.

इतकी वर्षे बंद असलेले यंत्र थेट विजेला जोडले, तर पहिल्या काही मिनिटांत ज्या गोष्टी बिघडतात त्या बहुधा आधी ठीक असतात. ए-७७मध्ये, आणि त्या काळातल्या बऱ्याच युरोपीय यंत्रांमध्ये, वीजपुरवठ्याच्या बाजूला ठिणगीचा खरखराट दाबण्यासाठी धातुलेपित कागदाचे कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे भाग, बसवलेले असत. त्यांचे मधाच्या रंगाचे पारदर्शक आवरण वयाने तडकते, तडीतून दमट हवा आत शिरते, आणि वीज मिळताच आतला कागद जळून खोलीभर उग्र धूर होतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत तर हे जवळपास ठरलेलेच असते. झाकण काढल्यावर भिंगातून पाहिले, तेव्हा अशा कपॅसिटरांवर केसासारख्या तडा स्पष्ट दिसल्या. ते काढून त्यांच्या जागी एक्स-२ वर्गाचे, म्हणजे घरगुती विजेवर थेट जोडण्यासाठी बनवलेले, पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर बसवले, जे बुधवार पेठेत सहज मिळतात. मागची व्होल्टेज निवडण्याची चकती २२०वर होती, आणि माझ्याकडे त्या सकाळी मल्टीमीटर २४२ दाखवत होता, म्हणून ती २४०वर नेली. मोटरांचे कपॅसिटर सुटे करून मोजले, त्यांतला एक बराच उतरला होता, तो बदलला.

इथे माझे एक ठाम मत सांगतो. जुने यंत्र हाती आले की त्यातले सगळे इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आतले द्रावण वयाने सुकणारे, कपॅसिटर सरसकट बदलून टाकण्याची पद्धत मला मान्य नाही. शंभर ठिकाणी कथील वितळवले की दोन-चार ठिकाणी नवी चूक हमखास होते, आणि त्याहून वाईट म्हणजे मूळ बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात. आधी मोजावे, दोष सापडावा, मग तेवढाच भाग बदलावा. बाकीच्या भागांची पाळी नंतर, यंत्र नीट चालू झाल्यावर, एकेक करून घ्यावी.

यानंतर सिरीज बोर्डावर, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच बल्ब जोडता येतो अशा फळीवर, १०० वॉटचा साधा बल्ब लावून यंत्राला वीज दिली. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचते. या यंत्रात कॅप्स्टनची, म्हणजे फीत एकसारख्या वेगाने ओढणाऱ्या दांडीची, मोटर वीज मिळताच फिरू लागते, त्यामुळे बल्ब पूर्ण विझत नाही. मंद उजेड हीच इथे चांगली खूण. बल्ब मंदच राहिला, पण तो काढून यंत्र थेट विजेवर घेताच कॅप्स्टन जो सुटला, तो कोणत्याही वेगाच्या बटणाला दाद देईना.

हा दोष समजून घ्यायचा तर रेव्हॉक्सचे निर्माते विली स्टुडर यांच्या या रचनेचे मर्म पाहिले पाहिजे. १९६७ साली बाजारात आलेल्या ए-७७मध्ये तीन मोटरी आहेत, दोन स्पुलांसाठी आणि एक कॅप्स्टनसाठी. अनेक जुन्या यंत्रांत कॅप्स्टनचा वेग वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झवर अवलंबून असे. इथे तसे नाही. मोटरच्या फिरत्या भागावर दाते कोरलेले आहेत, त्यांच्याजवळ एक छोटी कॉइल आहे, आणि दाते समोरून सरकले की तिच्यात वेगाच्या प्रमाणात कंपनसंख्या असलेला सिग्नल निर्माण होतो. नियंत्रक कार्ड, म्हणजे वेग सांभाळणारी सर्किटची पट्टी, त्या कंपनसंख्येवरून वेग कमी की जास्त हे ठरवते आणि त्याप्रमाणे एका पॉवर ट्रान्झिस्टरमधून मोटरला मिळणारा प्रवाह वाढवते किंवा घटवते. मोटर बेलगाम धावत असेल, तर पहिल्या शंका दोनच येतात. एक तर कॉइलचा सिग्नल कार्डापर्यंत पोहोचत नसेल, आणि मोटर थांबली आहे असे समजून कार्ड पूर्ण प्रवाह सोडत असेल. नाही तर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल, आणि कार्डाने काहीही सांगितले तरी तो ऐकत नसेल.

या दोहोंतला फरक काहीही न उकलता कळतो. ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण, कॉइलवर लावला, तर सिग्नल स्वच्छ होता आणि त्याची कंपनसंख्या हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त होती, म्हणजे कॉइल खरेच सांगत होती. मग ट्रान्झिस्टरच्या बेसवरचे, म्हणजे त्याला हुकूम मिळतो त्या टोकावरचे, व्होल्टेज पाहिले, तर कार्ड त्याला पूर्ण बंद होण्याचा हुकूम देत होते. वीज काढून, ट्रान्झिस्टर सोडवून मोजला, तर कलेक्टर ते एमिटर, म्हणजे प्रवाह वाहतो त्या दोन टोकांमध्ये, दोन्ही दिशांनी शून्य ओहम, म्हणजे शॉर्ट. नवा ट्रान्झिस्टर अधिकृत वितरकाकडूनच मागवला, कारण जुना क्रमांक छापलेले बनावट भाग या जागी आठवडाभरही टिकत नाहीत. खालची अभ्रकाची चकती तपासून बदलली, उष्णतेची पेस्ट पातळ लावली, आणि कॅप्स्टन दोन्ही वेगांवर, सेकंदाला १९ आणि ९.५ सेंटिमीटरवर, शांतपणे स्थिरावला.

आता आवाज. माझी स्वतःची एक साधी फीत लावली. कोणाचीही मोलाची फीत न तपासलेल्या यंत्रावर कधीही लावू नये. डावी बाजू बरी होती, उजवी मंद आणि मधूनमधून चरचरणारी. अशा वेळी लोक थेट हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या चुंबकी भागाला, दोष देतात, आणि हेड महाग असल्याने तिथेच हात टेकतात. ए-७७ची रचना इथे फार उपकारक आहे, कारण डाव्या आणि उजव्या बाजूची प्लेबॅकची कार्डे वेगळी आणि सारखी असून खाचेतून उपसता येतात. यंत्र बंद करून दोन्ही कार्डांची अदलाबदल केली, आणि चरचर डावीकडे गेली. हेड निर्दोष ठरले. कार्डाची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनही चरचर थांबेना, तेव्हा प्लॅस्टिकच्या काडीने एकेका भागाला हलकेच टिचकी मारत गेलो. आवाजाची पातळी ठरवणाऱ्या उघड्या कार्बनच्या ट्रिमरला, म्हणजे फिरवून रोध बदलता येणाऱ्या छोट्या भागाला, काडी लागताच पडद्यावरची लहर उडाली. तो काढण्यापूर्वी न फिरवता त्याच्या मधल्या पायापासून दोन्ही बाजूंचा रोध मोजून लिहून ठेवला, नवा ट्रिमर त्याच आकड्यावर आणून बसवला. जुन्या कारागिराने कधीकाळी कानाने आणि मीटरने जुळवलेली ती जागा हरवू न देणे मला महत्त्वाचे वाटते.

तरीही आवाजात झळाळी नव्हती, आणि आता दोन्ही बाजूंना नव्हती. प्लेबॅक हेडच्या तिरकसपणाचा, म्हणजे अझिमुथचा, स्क्रू पाहिला तर त्यावरचे रंगाचे सील तुटलेले होते. कोणीतरी पूर्वी तो केवळ कानाने फिरवला असणार. या स्क्रूचे महत्त्व आकड्यांतच कळते. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने जाणाऱ्या फितीवर १० किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी जेमतेम १९ मायक्रोमीटर भरते. ट्रॅकची, म्हणजे फितीवरच्या ध्वनिपट्ट्याची, रुंदी २ मिलिमीटर धरली आणि हेड अर्ध्या अंशाने कलले, तर ट्रॅकच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १७ मायक्रोमीटरचा फरक पडतो. म्हणजे हेडच्या फटीसमोर जवळपास एक पूर्ण लहर येते, तिचे चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात, आणि टाळांचा तो तेजस्वी नाद जवळजवळ नाहीसा होतो. बिघाड म्हणावा असे काहीच नाही, फक्त अर्धा अंश!

हेड आणि फितीच्या वाटेतले सगळे धातूचे भाग स्वच्छ केले. मग यंत्र बंद ठेवून डीमॅग्नेटायझर, म्हणजे हेडवर साठलेले चुंबकत्व काढणारे उपकरण, हळू जवळ आणला आणि हळूच हातभर लांब नेऊन मगच बंद केला. हेडजवळच तो बंद केला तर हेड उलट जास्त चुंबकित होते. त्यानंतर प्रमाणित कॅलिब्रेशन फीत, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येचे सूर अचूक मुद्रित केलेली फीत, लावली. स्क्रू आधी १ किलोहर्ट्झवर आणि मगच १० किलोहर्ट्झवर जुळवावा, कारण वरच्या कंपनसंख्येवर फसवी शिखरे असतात आणि थेट तिथे सुरुवात केली तर चुकीच्या शिखरावर थांबण्याचा धोका असतो. ऑसिलोस्कोपवर डावी-उजवी बाजू एकमेकींसमोर ठेवून तिरपी रेषा मिळेपर्यंत मी पाऊण तास घालवला.

सरांच्या फितींपैकी दोन चिकट झाल्या होत्या. त्या काळातल्या काही फितींचा पॉलियुरेथेनचा लेप हवेतली ओल शोषून सुटू लागतो. अशा फिती ५० ते ५५ अंश सेल्सियसच्या नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवल्या की काही आठवड्यांपुरत्या वाजवता येतात. मात्र ॲसिटेटची फीत कधीही तापवू नये. या दोन्ही पॉलिएस्टरच्या असल्याची खात्री करून त्या वेगळ्या काढल्या, आणि आधी धडधाकट फिती घेतल्या.

पहिल्या फितीसाठी स्क्रू पुन्हा किंचित हलवावा लागला, कारण ती मुद्रित करताना यंत्र जसे होते तसेच तिला ऐकायला हवे होते. टाळ उजळले, मागून पखवाज आला, आणि अभंगाच्या आधी कीर्तनकारांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. सर खुर्चीत पुढे सरकून बसले आणि शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. सगळ्या धडधाकट फिती संगणकावर उतरवून झाल्यावर मी कॅलिब्रेशन फीत लावून स्क्रू मूळ जागी आणला, त्यावर लाल रंगाचा नवा थेंब दिला, आणि कोणते भाग बदलले, कोणत्या ट्रिमरचा आकडा किती होता, हे तारखेसह लिहिलेला कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला.